मलपृष्ठावरची शालू

शालू, तुझं नाव अजून त्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला आहे. साहेबांच्या हसऱ्या फोटोखाली, ठळक टायपात. परवा तुझं तेरावं झालं. घरी येऊन मी ते पुस्तक आधी उपडं ठेवलं, तर तुझं नाव वर आलं. मग सुलटं केलं, तर मुखपृष्ठावरचा साहेबांचा चेहरा वर आला. शेवटी कपाटाच्या वर, जुन्या चादरींच्या खाली कोंबलं. तरी घरात काहीतरी मेल्यासारखा वास येतोय असं वाटत राहतं. माझ्या मनाचे खेळ असतील, पण शिसारी खरी आहे.

साहेब म्हणजे कोण, ते मी लिहिणार नाही. लालबाग-परळमध्ये नुसतं साहेब म्हटलं की प्रत्येकाला आपापला साहेब आठवतो, आणि त्यातला एक तरी असाच निघतो. पुस्तकाचं नावही लिहिणार नाही. एवढं जाडजूड आत्मचरित्र, उशाला घेतलं तर मान आखडेल. त्यावर वर्तमानपत्रांत भांडणं झाली, कुणी कोर्टात जातो म्हणालं, कुणी खरंच गेलं, आणि प्रत्येक भांडणागणिक खप वाढला. आपल्या शनिवारच्या चौघांना ते वाचायची काही गरज नव्हती. पण सावंतभाऊ चार प्रती घेऊन आले, साहेबांच्या ऑफिसातून, भेट म्हणून. मिशी फुटल्यापासून ते साहेबांमागे फिरले, पोस्टातून रिटायर झाले तरी फिरतातच. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की तुला नाही म्हणवलं नाही. तुला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही, हा तुझा गुण आणि हाच तुझा रोग.

शनिवारी दुपारी तुझ्या भोईवाड्याच्या घरी जमायचं, पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं, एकही पान गाळायचं नाही, आणि शेवटचं पान होईपर्यंत कुणी मत द्यायचं नाही. हे सगळे नियम तुझे. जन्मभर शाळेत शिकवलंस, रिटायर झाल्यावर आम्हाला धरलंस. मी टेलिफोन खात्यातली, माझं वाचन म्हणजे दिवाळी अंकातलं राशिभविष्य. मला हाताला धरून पुस्तकांत आणलंस, त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू लाजून स्वयंपाकघरात पळाली असतीस. मत देण्यावरून मात्र आपलं पहिल्या दिवसापासून वाजायचं. मी म्हणायची, अगं, शितावरून भाताची परीक्षा होते. तू म्हणायचीस, भाताची होते मंगल, पुस्तकाची नाही.

आणि तूच, बाई माझे, तूच पहिलं पान उघडायच्या आधी मत देऊन बसलीस.

म्हणजे तुझ्या लेखी ते मत नव्हतंच. ती पोच होती. कुणी पुस्तक भेट दिलं की चार ओळी लिहून कळवायचं, ही मास्तरणीची सवय. ‘ग्रंथ मिळाला, आनंद झाला. गिरणगावच्या इतिहासात रस असणाऱ्यांना तो संग्राह्य वाटेल. ग्रंथ हाती घेताना माझ्या आईच्या लालबागच्या खाणावळीची आठवण झाली.’ आपल्याकडे असले शब्द मनातून येत नाहीत, थेट पेनातून येतात. लग्नातलं जेवण खारट असलं तरी आपण यजमानाला छान झालं म्हणतो, तसंच ते. सावंतभाऊंनी ते पत्र खिशात घातलं आणि दुसऱ्याच दिवशी पोचवलं. पोस्टातला माणूस, त्यांच्या हातून पत्र कधी गहाळ व्हायचं नाही. ते एक गहाळ झालं असतं तर बरं झालं असतं.

मग वाचन सुरू झालं. देवा रे देवा. बालपणात गरिबी, तरुणपणात त्याग, आणि त्यानंतर ज्याने ज्याने साहेबांना मदत केली तो पुढच्या प्रकरणात विश्वासघातकी. जिवंत माणसांबद्दल जपून, मेलेल्यांबद्दल बेधडक. ज्या बाईने त्यांची पहिली निवडणूक दारोदार फिरून लढवली, तिच्या चारित्र्यावर अर्धं पान. ती बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, उत्तर कोण देणार? मी ते अर्धं पान माझ्या पाळीत वाचलं आणि उठून चूळ भरून आले. आपल्यातल्या चौथ्या, पाध्येबाई, दर शनिवारी गिरगावहून टॅक्सीने यायच्या, पदर नीट करून बसायच्या आणि म्हणायच्या, “भाषा मात्र ओघवती आहे हो.” मी म्हटलं, “गटारही ओघवतं असतं, बाई.” तू मला डोळ्यांनी दटावलंस, आणि मग पुस्तकाआड तोंड लपवून हसलीस. ते हसणं मला दिसलं होतं, शालू. अशा शनिवारी घरी जाताना मला वाटायचं, या वयात अशी मैत्रीण असणं ही चैन आहे.

गिरणी संपाचं प्रकरण आलं तेव्हा पाळी तुझी होती. पाळी बदलून घे, असं मी खुणेने म्हटलंही. नियम तो नियम. तू चष्मा पुसलास आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला लागलीस. साहेब लिहितात, संपाच्या दिवसांत लालबागमध्ये गणपतीच्या मांडवासमोरच्या चाळीत, तळमजल्यावर एक विधवा खाणावळ चालवायची. तिची चूल बंद पडायची वेळ आली, तेव्हा माझ्या घरून तिच्याकडे तांदळाच्या गोण्या जायच्या. ती माउली डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, साहेब, तुम्ही होतात म्हणून ही पोरं जेवली.

तू अडखळली नाहीस. आवाज कापला नाही. ‘विधवा’ हा शब्दही तू स्पष्ट उच्चारलास. तुझे बाबा तेव्हा जिवंत होते, स्वतः संपावर होते, त्याच खाणावळीच्या दारात बसून बटाटे सोलायचे. साहेबांनी त्यांना एका शब्दात मारून टाकलं. प्रकरण संपलं. तू पुस्तक मिटलंस. सावंतभाऊंचे डोळे भरून आले होते. त्यांना काय ठाऊक? ते तेव्हा वरळीला राहायचे. निरागसपणे विचारलं त्यांनी, “कोण असेल हो ती माउली, ताई?”

“असेल कुणीतरी,” तू म्हणालीस. “चहा घ्या, निवतोय.”

ते दोघे गेल्यावर आपण स्वयंपाकघरात भांडलो. मी त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायची. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि काकीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, पंगतीत वाढायला यायचं. तू भात, मी आमटी. संप लांबला तशा आजूबाजूच्या खाणावळी एकेक करून मिटल्या. काकीची चालू राहिली. गावाकडून भावाने पाठवलेला तांदूळ, सुके बोंबील, आणि तिच्या गळ्यातलं जे काही होतं ते, यावर चालू राहिली. गोण्या? एक मूठ तांदूळ त्या घरातून आला असेल तर माझी जीभ झडो. साहेबच यायचे, अगं! तेव्हा ते साहेब नव्हते, गेटवर भाषणं करणारा एक लुकडा पुढारी होते. सभा आटोपली की आले जेवायला, दोन्ही वेळ, महिनोन्महिने. बांगडा कमी असला की काकी तळलेली तुकडी त्यांच्या ताटात घालायची आणि स्वतः मागे बसून सोलकढीभात खायची. “बोलान बोलान घसो बसता त्येचो,” म्हणायची, “खावंदे.” खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिले होते. पण खाल्ल्या घरच्या मालकिणीला आपणच जगवलं म्हणणारा हा पहिलाच.

“सांग ना मग,” मी म्हटलं. “सावंतांना सांग. पेपरात लिही. तुझी भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे.”

तू कपबश्या विसळत होतीस. “आई काय म्हणायची, विसरलीस?”

विसरेन कशी? मी लहान होते तेव्हा एकदा मी कुणाला तरी म्हटलं होतं, तू काय बोलतोस, आमच्याकडे फुकट जेवतोस. काकीने मला सगळ्यांदेखत ओढून आत नेलं होतं. “जेवक घातलला बोलान दाखवचा नाय, बाय. बोलान दाखवला की त्या अन्नाचा शेण होता.” तिने आयुष्यभर पाळलं ते. संप फिसकटला, माणसं गावी गेली, साहेब मोठे झाले, गाडीतून जाताना काच वर करून गेले, तरी तिच्या तोंडून शब्द नाही. मरेपर्यंत नाही.

“तिने पाळलं,” तू म्हणालीस, “आणि मी चारचौघांत सांगू, की माझ्या आईने ह्यांना जेवू घातलं? म्हणजे तिने केलं ते मीच मातीत घालू?”

“मातीत त्याने घातलंय!”

“त्याचं तो बघेल.”

तुझ्या त्या ‘त्याचं तो बघेल’ची मला किळस आली होती. आज तू नाहीस तरी तेच लिहिते. साहेबांच्या खोटेपणाइतकीच मला तुझ्या सोशिकपणाची चीड होती. कारण असले साहेब ज्या जमिनीत वाढतात ती जमीन तुझ्यासारख्या चांगल्या माणसांची असते. मी विचारलं, “घाबरतेस का?” तू शेवटची बशी पालथी घातलीस. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. नियम होता की भीती होती, की तुझं तुलाच ठाऊक नव्हतं?

महिनाभराने सावंतभाऊ पेढे आणि चार नव्या प्रती घेऊन आले. “ताई, नाव आलं तुमचं! नवी आवृत्ती!” मलपृष्ठावर साहेबांच्या फोटोखाली तुझं वाक्य. ‘गिरणगावच्या इतिहासात रस असणाऱ्यांना संग्राह्य.’ खाली तुझं संपूर्ण नाव, आणि त्याखाली ‘निवृत्त शिक्षिका, गिरणगावची कन्या.’ आईच्या खाणावळीचं वाक्य तेवढं गाळलेलं. बघ ना. पत्र कुणीतरी नीट वाचलं होतं. कुठलं ठेवायचं, कुठलं उडवायचं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्या पुस्तकात एवढंच काय ते काळजीपूर्वक केलेलं संपादन.

तू पेढा हातात घेतलास, खाल्ला नाहीस. पाध्येबाई म्हणाल्या, “वा, सुंदर छापलंय,” आणि मग तुझा चेहरा बघून त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. सगळे गेल्यावर तू मला एवढंच विचारलंस, “मंगल, दिलेला अभिप्राय परत घेता येतो का गं?” आयुष्यभर मुलांना निबंध शिकवलेली बाई, आणि आवाज असा, जसा बाजारात पाकीट मारलं गेल्यावर येतो. मी काय काय सुचवलं. वकील, नोटीस, त्यांच्या ऑफिससमोर जाऊन ठाण मांडणं. तू म्हणालीस, “आधी पुस्तक पुरं वाचू. मग खरा अभिप्राय लिहीन. नियम मी एकदा मोडला, त्याची फळं भोगतेय. दुसऱ्यांदा नाही मोडायचा.”

मग तू हट्टाने वाचत राहिलीस. आम्ही तिघेही कंटाळलो होतो, सावंतभाऊसुद्धा जांभया देत होते. तू म्हणायचीस, चला, पुढे. शेवटच्या शनिवारी आपण फोटोंची पानं बघत होतो. साहेब परदेशी पाहुण्याबरोबर, साहेब गाईला चारा घालताना, साहेब मुलांना वह्या वाटताना, साहेब लांब कुठेतरी पाहताना. मी म्हटलं, “एवढ्या फोटोंत जेवताना एकही नाही.” तू इतकी हसलीस, शालू, की तुला ठसका लागला आणि मला पाठीवर थापटावं लागलं. दोन प्रकरणं राहिली होती. पुढच्या शनिवारच्या आत तू गेलीस. ती दोन प्रकरणं मी वाचणार नाही. शेवटचं पान व्हायच्या आधी मत देतेय म्हणून रागवायचं असेल तर रागव.

परवाचं ऐक आता. सोसायटीच्या हॉलमध्ये तेराव्याचं जेवण होतं. निखिलने सगळं नीट केलं, तुझ्या लेकाला नावं ठेवायला जागा नाही. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. पानं मांडायला घेतली आणि साहेबांचा पीए आला. सोबत हार, हारावर साहेबांच्या नावाची पट्टी, नाव तुझ्या नावापेक्षा मोठं. तुझ्या फोटोला हार घालून त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला, दोनदा, कारण पहिल्यात पट्टी नीट आली नव्हती. मग निखिलला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, पीए लोकांना हळू बोलता येत नाही.

“साहेबांची इच्छा आहे. तिसरी आवृत्ती आईंच्या स्मृतीला अर्पण करायची. पहिल्या पानावर फोटो. प्रकाशनाला साहेब स्वतः येतील, इथेच, याच हॉलमध्ये. तुम्ही फक्त हो म्हणा.”

सावंतभाऊंनी हात जोडले. निखिल माझ्याकडे वळला. रडून रडून डोळे सुजलेले त्याचे. “मावशी, काय म्हणतेस? आईचं नाव राहील गं कुठेतरी.”

त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की त्याला काहीच माहीत नाही. आजीने खाणावळ चालवली एवढं माहीत असेल. कोण जेवलं, ते तू त्यालासुद्धा सांगितलं नव्हतंस. तो हो म्हणाला असता तर पुढच्या पन्नास वर्षांत कुणी ते पुस्तक उघडलं, की पहिल्या पानावर तू असतीस, मलपृष्ठावर तू असतीस, आणि मधे तुझी आई, विधवा, साहेबांच्या तांदळावर जगलेली. त्या पंगतीत वाढणाऱ्या आपण दोघी होतो. आता मी एकटी उरले.

काकीचा नियम मला आठवला. खोटं कशाला बोलू, जीभ जड झाली. मग मनात म्हटलं, मी काकीची मुलगी नाही. मी जेवू घातलं नाही, नुसतं वाढलं. वाढपिणीने काय बोलायचं नाही, असा नियम कुणी केलेला नाही.

मी बोलले. बसल्या जागेवरून, पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. टेलिफोन खात्यात आवाज कमवला होता, तो कामी आला. संपात कोण कुणाकडे जेवलं, किती दिवस, ताटात कुणाची तुकडी पडायची, सगळं. पीए हसला. “आजी, वय झालं की होतं असं. चाळीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं?”

“मला आठवतं,” मी म्हटलं. “जेवून उठायचा नाही तो. ताटातच हात धुवायचा. काकीला सहन व्हायचं नाही, कोकणात ताटात हात धुवत नाहीत. पण पाहुणा म्हणून बोलायची नाही. ते पाणी भरलेलं ताट मी उचललंय, रोज.”

मग सावंतभाऊ खाली बसले. म्हणजे खुर्ची मागे आहे की नाही तेही न बघता बसले. “साहेब अजून ताटातच धुतात,” ते म्हणाले. “मी पाणी घालतो ना. दौऱ्यावर असलो की मीच घालतो.” आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्या माणसाची मला त्या क्षणी इतकी दया आली की माझा राग थोडा वेळ कुठे गेला कळलं नाही. जन्मभराचा देव त्यांनी एका वाक्यात स्वतःच्या तोंडाने खाली उतरवला होता. पाध्येबाई उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. भाषेबद्दलसुद्धा नाही.

निखिल पीएला म्हणाला, “अर्पण नको. आणि मागचं नाव काढा.”

“ते छापून झालंय हो. बाजारात आहे.”

“पुढच्या वेळी काढा.”

“बघतो. साहेबांशी बोलतो.” आपण सगळे जाणतो या ‘बघतो’चा अर्थ. ते नाव निघेल असं मला वाटत नाही. मी आहे तोवर मागे लागेन. दर शनिवारी जाऊन बसेन त्या ऑफिसात, मला आता शनिवारी दुसरं काय काम आहे?

पीए हार नीट करून निघाला. दाराशी पोचला आणि निखिलने त्याला हाक मारली. मला वाटलं, आता चार शिव्या घालणार. तर तुझा लेक म्हणतो कसा, “दादा, पान मांडलंय. आईचं तेरावं आहे. उपाशी जाऊ नका.”

अगं, काय म्हणू तुमच्या घराला! तिन्ही पिढ्यांना एकच खोड. आणि तो मेला थांबला. एवढं ऐकून घेतलं, तरी चप्पल काढून बसला. मी वाढलं. वडे तीनदा मागितले त्याने, खीर दोनदा. बोटं चाटून म्हणाला, सांबारं फर्मास झालंय. त्याच्या नव्या साहेबी पोटात ते जाताना मी बघत होते. मला काकी दिसली नाही, तू दिसली नाहीस, मला फक्त तो चावणारा जबडा दिसत होता. तू असतीस तर आणखी एक वडा वाढला असतास आणि गप्प राहिली असतीस.

मी वाढला, शालू. पण गप्प राहणार नाही. तुझ्या तेराव्याला तो जेवला, पोटभर जेवला, आणि हे मी भेटेल त्याला सांगणार आहे.